छोट्या नाट्यसंस्थेनं प्रसिद्धी कशी करावी? (सांगली, पैसे मोजके)

गावभाग_सांगली

नमस्कार मंडळी,

आमची सांगलीतली हौशी नाट्यसंस्था आहे. सगळे नोकरी-धंदा सांभाळून रात्री तालमीला येणारे. राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी उतरतो. यंदाचं दोन अंकी नाटक २०१९ च्या महापुरावर आहे. गावभागातलं एक घर, वरच्या मजल्यावर अडकलेली आजी, तिचा मुलगा आणि ज्याच्याशी भाड्यावरून कोर्टकज्जा चालू आहे तो भाडेकरू. पाणी चढत जातं आणि तिघांना एकाच खोलीत राहावं लागतं.

स्पर्धेतल्या प्रयोगाला गर्दी होती. तिथे सगळ्या संस्थांचे लोक एकमेकांची नाटकं बघायला येतातच. आता आम्हाला तिकीट लावून भावे नाट्यमंदिरात प्रयोग करायचे आहेत आणि खरी अडचण इथेच आहे. आमच्या आधीच्या नाटकांच्या पहिल्या प्रयोगाला नातेवाईक, मित्र, ऑफिसातले लोक आले. दुसऱ्या प्रयोगाला पुढच्या चार रांगा सोडल्या तर खुर्च्या रिकाम्या.

नाट्यगृहाचं भाडं, नेपथ्याचा टेम्पो, ध्वनी, प्रकाश, मेकअप हे सगळं जाऊन प्रसिद्धीला साधारण वीस हजार उरतात. संस्थेत तीन मतं आहेत. ज्येष्ठ म्हणतात फ्लेक्स लावा आणि रिक्षा फिरवा. तरुण मुलं म्हणतात सगळे पैसे इन्स्टावर घाला. आमचे खजिनदार म्हणतात पेपरात जाहिरात द्या, बाकी काही करू नका.

नाटक चांगलं झालंय असं मी मनापासून सांगतो. ज्या लोकांचं ते आहे, त्यांनी ते बघावं एवढीच इच्छा आहे. ज्यांनी अशी कामं केली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. प्रयोग जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये ठरतोय.

वाचनवेल

धागा आवडला. आमच्या ग्रंथालयाच्या व्याख्यानांनाही हाच प्रश्न पडतो. वाचतेय.

तिसरी_घंटा

पुण्यात नाटकांच्या व्यवस्थापनात बरीच वर्षं आहे, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

आधी एक गोष्ट वेगळी करा. लोकांना नाटक माहीत नसणं हा एक प्रश्न, आणि माहीत असूनही न येणं हा दुसरा. फ्लेक्स, रिक्षा, पेपर, इन्स्टा ही सगळी पहिल्या प्रश्नाची उत्तरं आहेत. तुमच्या दुसऱ्या प्रयोगाला खुर्च्या रिकाम्या राहिल्या, कारण पहिल्या प्रयोगाला आलेल्या माणसांशी तुमचा संबंध पडदा पडताच संपला. ती माणसं कोण होती? त्यांचे नंबर आहेत का तुमच्याकडे? ऑनलाइन तिकीट विकलं की विक्रीचा आकडा आपल्याला कळतो, पण माणूस कळत नाही. बुकिंगच्या खिडकीवर वर्षानुवर्षं बसणाऱ्या माणसाला नेहमीचा प्रेक्षक चेहऱ्यानं माहीत असायचा. "काका, तुम्हाला पाचव्या रांगेतली कडेची देतो" म्हणायचा. ती ओळख हीच मोठी जाहिरात होती आणि ती छोट्या संस्थेला आजही करता येते. मोठ्या निर्मात्याला ती परवडत नाही.

तेव्हा पहिला खर्च वहीचा. प्रवेशद्वाराशी दोन मुलं उभी करा. नाव, नंबर, राहण्याचा भाग आणि "पुढच्या प्रयोगाचं कळवू का?" एवढंच विचारा. हो म्हणेल त्याचाच नंबर घ्या. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, शिवाय न विचारता मेसेज आला की माणूस नाराज होतो ते वेगळं.

व्हॉट्सॅपचं एक तंत्र पक्कं लक्षात ठेवा. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ लोक बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. म्हणून नंबर घेतानाच त्यांच्याकडून संस्थेचा नंबर तिथल्या तिथे सेव्ह करून घ्या. ग्रुप काढू नका. ग्रुपवर सुप्रभातचे फोटो सुरू झाले की लोक बाहेर पडतात.

तिकिटाबद्दल. नाटकाच्या तिकिटाला माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे, त्यामुळे बरीच मोठी नाटकंही वरचा दर ५०० वर थांबवतात. तुम्ही २०० आणि १०० ठेवा. पण एकही दर शंभराच्या खाली नेऊ नका. फुकटात मिळालं तर पाऊस आला की माणूस घरी बसतो. जुलै-ऑगस्ट म्हणजे पाऊस आहेच.

आणि वेळ. रात्री साडेनऊचा प्रयोग ज्येष्ठांना जमत नाही. रविवारी संध्याकाळी पाच वाजता ठेवा. मिरज-माधवनगरचा माणूस जेवायला घरी पोचला पाहिजे.

जाहिरातवाली

मी डिजिटल जाहिरातींचं काम करते, म्हणून इन्स्टाच्या बाजूनं बोलते. पण सगळे वीस हजार तिथे घालू नका.

पोस्टखाली जे "बूस्ट" बटण दिसतं ते दाबून पैसे घातले की लाइक्स येतात, तिकिटं जातीलच असं नाही. अ‍ॅड्स मॅनेजरमधून जाहिरात करा. सांगली, मिरज, माधवनगर, विश्रामबाग एवढाच परिसर निवडा. हवं तर एक छोटी वेगळी जाहिरात इचलकरंजी-जयसिंगपूरसाठी करा. जाहिरातीत मेसेजचा पर्याय निवडा, म्हणजे बघणारा थेट तुमच्या व्हॉट्सॅपवर येतो आणि तिसरी_घंटा म्हणतात ती वही आपोआप भरते. प्रयोगाच्या दहा दिवस आधी सुरू करा. महिनाभर आधी दिलेली जाहिरात लोक विसरतात. मेटाच्या (इन्स्टा-फेसबुकच्या कंपनीच्या) बिलावर १८% जीएसटी लागतो, तो बजेटमध्ये धरा. पाच-सहा हजारांत सांगलीपुरतं पुष्कळ होतं.

आणखी एक. संस्थेचं खातं बिझनेस प्रकारचं असेल तर सिनेमातली गाणी रीलला लावायला मिळत नाहीत. ती काळजी करूच नका. तुमच्या नाटकातलाच आवाज वापरा. अडकलेल्या खोलीतला पावसाचा आवाज आणि आजीचं एक वाक्य. तीस सेकंद. नटांची ओळख करून देणारी रील नंतर करा. तुमचे नट सांगलीला अजून माहीत नाहीत, तुमचा विषय माहीत आहे.

पोस्टर फोनवर वाचता आलं पाहिजे. वार, तारीख, वेळ, ठिकाण, दर, फोन नंबर. प्रमुख पाहुणे, सहनिर्माते, आभार यांची नावं पोस्टरवरून काढा. मला माहीत आहे यावरून संस्थेत भांडणं होतात. ती नावं स्मरणिकेत मोठी छापा.

पूरग्रस्त_२००५

मी हरभट रोडवरचा. आमच्या दुकानात २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही वेळा पाणी शिरलं. नाटक बघायला मी येणार. पण एक विनंती आहे आणि ती जाहिरातीबद्दलच आहे.

पोस्टरवर किंवा रीलमध्ये पुराचे खरे फोटो वापरू नका. बोटीतले, छपरावरचे लोक त्यात ओळखू येतात. ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ मध्ये बोट उलटून माणसं गेली, त्यांचे घरचे इथेच आसपास आहेत. जाहिरात म्हणून तो फोटो त्यांच्या फोनवर जाऊ नये. "थरारक", "अंगावर काटा आणणारं" असले शब्दही नकोत. आमच्यासाठी तो थरार नव्हता, भिजलेले कपड्यांचे गठ्ठे आणि घरभर चिखल होता.

तुम्ही वर जे लिहिलंय, भाडेकरू आणि मालक एकाच खोलीत, ते वाचूनच मला यावंसं वाटलं. तेच लोकांना सांगा.

गावभाग_सांगली

दादा, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. आमच्या एका मुलानं खरोखरच जुने व्हिडिओ गोळा करायला घेतले होते, त्याला तुमचा प्रतिसाद दाखवला. ते वापरणार नाही. तुमची हरकत नसेल तर रंगीत तालमीला तुम्ही आणि शेजारचे दुकानदार या. नाटकात काही चुकीचं दाखवलं असेल तर प्रयोगाआधी कळेल.

बातमीदार

जिल्हा आवृत्तीत अनेक वर्षं काम केलंय. पेपरच्या बाबतीत दोन गोष्टींची गल्लत होते: जाहिरात आणि बातमी. मुंबईत रविवारच्या पेपरात नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडून "दु. ४, शिवाजी मंदिर" बघून निघणारा प्रेक्षक आहे, ती सवय तिथे पिढ्यांची आहे. सांगलीत हौशी नाटकाच्या एका जाहिरातीनं नाट्यगृह भरत नाही. तिथे कॉलम-सेंटीमीटरनं पैसे मोजण्यापेक्षा बातमीवर मेहनत घ्या, तिला पैसे लागत नाहीत. "शहरात आज" किंवा "आजचे कार्यक्रम" असे रकाने बहुतेक पेपरांत असतात. तेही फुकट, आणि ज्येष्ठ मंडळी ते नेमानं वाचतात.

तुमची प्रेसनोट तयार असेल तर इथे टाका. बघतो.

गावभाग_सांगली

ही गेल्या वर्षीच्या धाटणीवर केलेली:

"सांगली : येथील नाट्यक्षेत्रात गेली अनेक वर्षे अव्याहतपणे कार्यरत असलेल्या आमच्या संस्थेच्या वतीने नाट्यरसिकांसाठी एका आगळ्यावेगळ्या दोन अंकी नाटकाचे आयोजन करण्यात आले असून, या कार्यक्रमास प्रमुख पाहुणे म्हणून मान्यवर उपस्थित राहणार आहेत. संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य परिश्रम घेत आहेत. तरी रसिकांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे, असे आवाहन करण्यात आले आहे."

बातमीदार

मोकळेपणानं सांगतो, राग मानू नका. अशा नोटा रोज ढिगानं येतात. उपसंपादक यातली तारीख शोधतो. तुमच्या नोटेत तारीखच नाही, त्यामुळे ती बाजूला पडणार. नाटक कशावर आहे हेही नाही. "मोठ्या संख्येने उपस्थित राहावे" हे वाक्य तर आम्ही न वाचताच कापतो.

अशी करून बघा:

"सांगली : २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागातल्या अनेक घरांत लोक वरच्या मजल्यावर अडकले होते. अशाच एका घरात, एकमेकांविरुद्ध कोर्टात गेलेले मालक आणि भाडेकरू एका खोलीत कसे राहिले, याची गोष्ट सांगणारे दोन अंकी नाटक रविवारी (ता. —) संध्याकाळी पाच वाजता विष्णुदास भावे नाट्यमंदिरात होणार आहे. नाटकातले सर्व कलाकार सांगली-मिरजेतले असून त्यांतल्या काहींच्या घरांत स्वतः पुराचे पाणी शिरले होते. तिकीट दर २०० व १०० रुपये. संपर्क : —"

कलाकारांच्या घरांत पाणी शिरल्याचं वाक्य खरं असेल तरच ठेवा. एकही गोष्ट फुगवू नका, पेपरवाल्याचा विश्वास एकदा गेला की पुढची नोट तो उघडत नाही.

पाठवायची कशी, तर मजकूर ई-मेलच्या आतच युनिकोडमध्ये लिहा. पीडीएफ किंवा लेटरहेडचा फोटो पाठवलात तर कुणाला तरी तो पुन्हा टाइप करावा लागतो, आणि संध्याकाळच्या गडबडीत ते होत नाही. सोबत एकच आडवा फोटो, रंगमंचावरच्या प्रसंगाचा, खाली डावीकडून नावं. हारतुऱ्यांचा नको. चार दिवस आधी पाठवा आणि आदल्या दिवशी दुपारी एक साधा फोन करा. दुपारी म्हणतोय, कारण संध्याकाळी पानं लागत असतात.

आणि पुरवणीसाठी वेगळा लेख द्या. तुमच्या लेखकानं पूरग्रस्तांशी बोलून नाटक कसं लिहिलं ते पाचशे शब्दांत लिहावं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात महापुराची आठवण करणारा मजकूर सगळ्यांनाच हवा असतो. तारीख त्या हिशेबानं ठरवा.

वाचनवेल

बातमीदारांची दुसरी नोट वाचून माझ्या ग्रंथालयाची सगळी निमंत्रणं डोळ्यांसमोर आली. आजच बदलायला घेते.

देसाईगंज

मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला, वडसा गावचा. आमच्याकडची पद्धत थोडी सांगतो, कारण तिकडे पश्चिम महाराष्ट्रात ती फार माहीत नसते.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) सुरू झाली की होळीच्या आसपासपर्यंत गावोगाव रात्रभराची तिकिटाची नाटकं होतात. रात्री दहाच्या पुढे सुरू होऊन पहाटेपर्यंत. बहुतेक कंपन्यांची ऑफिसं वडशात, रस्त्यालगत बोर्ड लावून. गावातलं मंडळ वडशाला येतं, दोन-चार ऑफिसं फिरतं, नाटक आणि कलाकार बघून तारीख पक्की करतं. २०२३ मध्ये आमच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांचं इकडे थोडं लक्ष गेलं, पण हा व्यवसाय त्याआधीपासून मुंबई-पुण्याच्या मदतीशिवाय जोरात चालू आहे.

मुद्दा असा की तिकीट कंपनी विकत नाही, गावचं मंडळ विकतं. मंडळाचा पैसा लागलेला असतो म्हणून मंडळाचा प्रत्येक पोरगा शेजारच्या गावात जातो, भिंतीला पोस्टर लावतो, गाडीवर भोंगा बांधून फिरतो. घराघरातून लेकीबाळींना, सोयऱ्यांना "नाटक आहे, या" म्हणून निरोप जातो. त्या रात्री प्रत्येक घरी पाहुणे असतात. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात, तिथेही गावकरी येऊन जत्रेसाठी सुपारी देतात, तोच प्रकार.

तुम्ही सगळी तिकिटं स्वतः विकायचा प्रयत्न करताय. एक प्रयोग एखाद्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना, रोटरीला, व्यापारी संघटनेला द्या. ठरावीक रक्कम त्यांनी तुम्हाला द्यायची, वरची विक्री त्यांच्या कामाला. मग पन्नास माणसं तुमच्यासाठी तिकीट विकतील, आणि ज्यांना तुम्ही ओळखत नाही अशांना विकतील.

तिसरी_घंटा

देसाईगंज यांना पूर्ण अनुमोदन. याला आम्ही कॉन्ट्रॅक्ट शो म्हणतो, पण झाडीपट्टीत ज्या आपलेपणानं होतो तसा आमच्याकडे होत नाही. सांगलीत पूर हा विषय असल्यामुळे व्यापारी संघटना नक्की घेईल. फक्त लेखी करार करा, अर्धे पैसे आधी, आणि पाऊस किंवा पुरामुळे प्रयोग रद्द झाला तर काय, हे त्यात लिहा. सांगलीत ऑगस्टमध्ये ते कलम लागतंच.

चप्पललाईन

कोल्हापूर. नाटकाचा माणूस नाही, आमचा चपलांचा धंदा आहे. पण प्रसिद्धी आल्यावर पुढे काय, यावर लिहावंसं वाटलं.

जून २०२५ मध्ये प्रादा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आमच्यासारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, आणि देशभर गदारोळ झाला. मग त्यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून प्रेरणा भारतीय चपलांची आहे हे मान्य केलं. एवढी जाहिरात आम्ही जन्मात विकत घेऊ शकलो नसतो. पण त्या आठवड्यांत फोनवर "कोल्हापुरी चप्पल" शोधणारा माणूस पोचला कुठे? ज्याचं दुकान गुगलच्या नकाशावर नीट नोंदलेलं होतं, फोटो स्वतःचे होते, नंबर चालू होता, त्याच्यापर्यंत. घरात बसून कापशी, पुकारी असे चपलांचे प्रकार बनवणाऱ्या कारागिरापर्यंत नाही. भौगोलिक मानांकन २०१९ पासून आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. पण नुसतं मानांकन फोन उचलत नाही.

आम्ही घरी काय करतो ते सांगतो. गिऱ्हाईकानं चौकशी केली की आधी उत्तर म्हणून दर पाठवत नाही. एक छोटा व्हिडिओ पाठवतो: कागदावर पाय ठेवा, पेन उभं धरून कडेनं रेघ मारा, टाच ते अंगठा मोजा, फोटो पाठवा. पाय मोजून पाठवणारा माणूस बहुधा घेतोच, आणि माप चुकून चप्पल परत येण्याचा त्रास वाचतो. त्याच्या मापाचा कागद आम्ही नावासह जपून ठेवतो. दोन वर्षांनी तो फक्त "तशीच अजून एक" म्हणतो.

तुमच्या बाबतीत बोलायचं तर पेपरात बातमी आली आणि माणसानं नंबर फिरवला, तर तो कोण उचलणार? तालमीच्या वेळी सगळ्यांचे फोन बंद असतात. दिवसभर फोन घेणारा एक माणूस आधी ठरवा.

गावभाग_सांगली

चप्पललाईन, फोनचं खरंच कुणाच्या डोक्यात नव्हतं. आमच्या एका अभिनेत्रीच्या आई निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी आनंदानं ते काम घेतलंय. सांगलीतली अर्धी माणसं त्यांचे विद्यार्थी आहेत.

आता पासांचं विचारतो. पहिल्या प्रयोगाला किती मानार्थ पास द्यावेत?

तिसरी_घंटा

माझं मत: शून्य. ज्याला एकदा पास मिळाला तो पुढे कधी तिकीट काढत नाही, आणि ज्यानं तिकीट काढलं त्याला शेजारचा फुकट बसलाय हे कळतं. पत्रकार आणि परीक्षक सोडून कुणालाही नाही.

वाचनवेल

मला हे पटत नाही. तुम्ही पुण्याचं बोलताय. छोट्या गावात प्रतिष्ठित माणसाला पास दिला नाही तर तो अपमान समजतो. शिवाय काही माणसं अशी असतात की त्यांनी बघितलं तर शंभर जणांना कळतं. शाळेतल्या मराठीच्या बाई, पार्लरवाल्या ताई, दवाखान्यातले कंपाउंडर, वाचनालयात रोज पेपर वाचायला येणारे काका. या लोकांना नाटक दाखवायलाच हवं, त्यांना पैसे मागून चालणार नाही.

तिसरी_घंटा

ताई, दुसरा मुद्दा मान्य. पण त्यांना रंगीत तालमीला बोलवा. तिथे तिकीट नसतंच, त्यामुळे पास हा प्रकारच उरत नाही. माणसालाही मान वाटतो की आपल्याला आधी बोलावलं. प्रतिष्ठितांना संस्थेचे दोन लोक घरी जाऊन तिकिटं विकतील. घरी जाऊन मागितलेलं तिकीट सहसा कुणी नाकारत नाही.

वाचनवेल

हे चालेल. घरी जाणं मात्र खरंच करा, मेसेजवर भागवू नका.

सॅनहोजेकर

अमेरिकेतल्या बे एरियातून. इथल्या मराठी मंडळांत भारतातून नाटक आलं की आम्ही स्वयंसेवक तिकिटं विकतो. एक अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहिते. न येणाऱ्यांना कारण विचारलं की "नाटक नको" असं कुणी म्हणत नाही. लहान मुलांचं काय करायचं, आई-वडिलांना कोण आणणार, मध्यंतरात खायला काय, हे प्रश्न असतात. मंडळानं मुलांसाठी शेजारच्या खोलीत गोष्टी-चित्रकलेची सोय केली तर तरुण जोडपी येतात. जाहिरातीत "मुलांसाठी सोय आहे" ही ओळ नटाच्या नावाइतकी काम करते.

तिकडे ज्येष्ठांसाठी गाडीची सोय करता आली तर बघा.

पूरग्रस्त_२००५

गाडीची सोय मी बघतो. आमच्या ओळखीचे दोन रिक्षावाले आहेत, त्यांच्याही घरात पाणी होतं. प्रयोग संपल्यावर विश्रामबाग आणि कुपवाडच्या ज्येष्ठांना ठरलेल्या भाड्यात सोडतील.

जाहिरातवाली

यावर एक छोटी पोस्ट करा: "ज्येष्ठांना घरी सोडायला रिक्षा आहे, आधी फोन करा." बघा, ही पोस्ट मुलं आपल्या आई-बाबांना पाठवतील.

फ्लेक्सबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगते. महापालिकेची परवानगी न घेता चौकात लावू नका. शहर विद्रूप होऊ नये म्हणून १९९५ चा कायदा आहे आणि त्यात गुन्हा दाखल होतो. परवानगी घेऊन एकच लावा, नाट्यगृहाच्या दाराशी. बाकी छोटी ए-४ पोस्टरं दुकानांच्या आत, गल्ल्याशेजारी. हरभट रोडवर ज्यांनी रंगीत तालीम बघितली असेल ते दुकानदार आनंदानं लावतील.

गावभाग_सांगली

काल बैठक झाली. सगळे प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवले. जे ठरलं ते लिहितो.

ऑगस्टचा पहिला रविवार, संध्याकाळी पाच. त्याआधीच्या बुधवारी रंगीत तालीम, हरभट रोड आणि गावभागातले दुकानदार, शिक्षक, वाचनालयांतली मंडळी यांच्यासाठी. मानार्थ पास बंद, यावर वादावादी झाली पण ठराव झाला. सहा हजार इन्स्टा आणि फेसबुकला, प्रयोगाच्या दहा दिवस आधीपासून. पेपरात जाहिरात नाही, प्रेसनोट आणि लेखकाचा लेख. खजिनदारांनी ती नोट वाचून स्वतःच मान्य केलं. दाराशी एक फ्लेक्स, परवानगीसह. रिक्षा फिरवायची नाही, ज्येष्ठांना सोडायला मात्र आहे. उरलेले पैसे दुसऱ्या प्रयोगासाठी राखून ठेवलेत. हे पहिल्यांदाच होतंय. आजवर पहिल्या प्रयोगालाच सगळं संपायचं.

व्यापारी संघटनेशी बोलणं सुरू आहे. त्यांना मिरजेला बालगंधर्व नाट्यगृहात प्रयोग हवाय. मिरजेत आमची ओळख कमी आहे, तिथे कुणी मदत करू शकेल का?

तिसरी_घंटा

मिरजेत दवाखाने पुष्कळ, आणि तिथे काम करणारा मोठा वर्ग पाळीनं सुटतो. पाच वाजता त्यांना जमणार नाही. तिथला प्रयोग साडेसहाचा ठेवा. आणि सांगलीच्या प्रयोगाला मिरजेहून जे येतील त्यांची नावं वहीत वेगळ्या पानावर घ्या, मिरजेची तिकिटं त्यांच्याच हातून जातील.

बातमीदार

मिरजेचा बातमीदार वेगळा असतो, सांगलीला पाठवलेली नोट त्याच्याकडे आपोआप जात नाही. त्याला स्वतंत्र पाठवा, आणि पहिल्या वाक्यात मिरजेतल्या कलाकाराचं नाव घाला. व्यक्तिगत निरोपात पत्ता विचारा, देतो.